तुम्ही विचारलंत म्हणून: बाई, अ‍ॅप की डीप क्लीनिंग?

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत ६४ फ्लॅट आहेत आणि गेली सात वर्षं मी तिचा सेक्रेटरी आहे. नवं बिऱ्हाड आलं की पहिल्या आठवड्यात पाण्याची वेळ विचारतात, दुसऱ्या आठवड्यात पार्किंगवरून भांडतात आणि तिसऱ्या आठवड्यात हमखास हा प्रश्न येतो: ‘काका, साफसफाईचं काय करावं? बाई लावू, अ‍ॅपवरून बोलावू, की ते एकदाच येऊन सगळं घर घासूनपुसून देणारे डीप क्लीनिंगवाले?’ परवा सी विंगमधल्या नव्या जोडप्याने लिफ्टपाशी गाठलं. लिफ्ट येईपर्यंत जमेल तेवढं सांगितलं, उरलेलं इथे लिहितो.

खरं तर हे मला विचारावं यात जरा गंमतच आहे. छत्तीस वर्षं बँकेत काढली, पण घरात केरसुणी कुठे असते हे मला ठाऊक नव्हतं. २४ मार्च २०२०च्या रात्री लॉकडाउन जाहीर झाला आणि बाईंचं येणं बंद झालं. हिचे गुडघे आधीच कुरकुरत होते, त्यामुळे केर-फरशी-भांडी माझ्या वाट्याला आली. बँकेतली खोड म्हणून मी वहीत वेळा टिपू लागलो. केर २० मिनिटं, फरशी ४५, भांडी ४०. रोजचे पावणेदोन तास, कंबरेचं दुखणं वेगळं. काही महिन्यांनी बाई परत आल्या, तेव्हा त्यांचीही वेळ गुपचूप पाहिली (हिला ते मुळीच आवडलं नाही). केर १२, फरशी ३०, भांडी २८. सत्तर मिनिटं. महिन्याला चार सुट्ट्या सोडल्या तर सुमारे ३० तास. आम्ही देत होतो ३२०० रुपये, म्हणजे तासाला १०७. त्याच सुमारास मुलीने तिच्या घरी अ‍ॅपवरून माणूस बोलावला होता, त्याचा दर तासाला दोनशेच्या आसपास होता. वही मिटली आणि पुढच्या महिन्यापासून पगार ४००० केला. फार उदार झालो असं नाही. आकडा डोळ्यांसमोर आला की लाज वाटते, एवढंच.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की कोणाला बोलवायचं ते आधी ठरवू नका. आठवडाभर नुसतं बघा, तुमच्या घरात घाण होते कुठे. आमच्याकडे रस्त्याच्या बाजूला बांधकाम चालू आहे, गॅलरीचं दार उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत फरशीवर बोटाने नाव लिहिता येतं. ही रोजची घाण. हिला रोजचाच हात लागतो, वर्षातून एकदा डीप क्लीनिंगवर पाच हजार खर्चून ती हटत नाही. उलट चिमणीच्या जाळीतलं तेल, पंख्यांची पाती, खिडकीच्या ट्रॅकमधली माती, बाथरूमच्या टाइल्सवर बोअरच्या पाण्याने धरलेला पांढरा थर हे सगळं साठत आलेलं असतं. ते सत्तर मिनिटांत बसत नाही. निम्मी भांडणं इथेच होतात. रोजच्या बाईंना ‘आज जरा जळमटं पण काढा, पंखे पण पुसा’ असं हसत हसत सांगायचं आणि त्यांनी तोंड वाकडं केलं की ‘हल्लीच्या बायकांना काम नको’ म्हणायचं. जास्तीचं काम जास्तीच्या पैशांनी आणि आधी सांगून करून घ्या. पुष्कळ बाई ते खुशीने करतात.

रोजच्या कामासाठी मी बाईंच्याच बाजूचा. पण बोलणी नीट करा. कामं कुठली, सुट्ट्या किती, खाड्याचे पैसे कापणार की नाही, दिवाळीला बोनस काय, पाहुणे आले तर जास्तीच्या भांड्यांचं काय, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. पुण्याला हे नवं नाही. १९८० साली इथल्या मोलकरणींनी संप केला होता, पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. महाराष्ट्रात २००८पासून घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदाही आहे. १८ ते ६० वयाच्या बाईंना मंडळात नोंदणी करता येते आणि त्यासाठी त्या जिथे काम करतात तिथल्या मालकाचा दाखला लागतो. तो द्यायला लोक का कचरतात ते मला आजवर कळलेलं नाही. आपण एक कागद सही करून द्यायचा, बस. पोलीस पडताळणीचा आग्रह धरणारे मात्र सगळ्यांत आधी माझ्याकडे येतात.

अ‍ॅपचं मला वावडं नाही. २०२५च्या मार्चमध्ये एका मोठ्या अ‍ॅपने पंधरा मिनिटांत घरकामाला माणूस अशी सेवा काढली. नावात आधी ‘मेड’ शब्द होता, लोकांनी टीका केल्यावर तिथे ‘हेल्प’ आलं. शब्द बदलला हे बरंच झालं. सोय म्हणून ही सेवा उत्तम: बाई गावाला गेल्यात, घरी अचानक दहा माणसं जेवून गेली, भाड्याचं घर सोडताना एकदा झाडून-पुसून द्यायचंय. पण रोज नवा माणूस आला तर रोज नव्याने सांगावं लागतं की देवघरातली समई हलवायची नाही आणि तिसऱ्या नळाची चावी उलटी फिरते. दोघंही नऊ ते आठ बाहेर असाल तर दार कोण उघडणार हाही प्रश्न आहेच. घरकामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचं थोडक्यात सांगतो: चोवीस तासांची बाई हवी असेल, घरात म्हातारं माणूस असेल, तर बदली माणूस देण्याची जबाबदारी एजन्सी घेते, म्हणून तिचे पैसे वसूल होतात. नुसत्या केर-फरशीला नाही.

आता डीप क्लीनिंग. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या दहा दिवस आधी आम्ही एका कंपनीची तीन मुलं बोलावली, २ बीएचकेचे ४८०० रुपये. मुलं कामसू होती. मी सोसायटीच्या मीटिंगला गेलो, ही देवळात. परत आलो तर बाथरूम लखलखत होतं आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर तळहाताएवढा पांढुरका डाग. ओटा कडप्प्याचा, जुना. नळाभोवतीचा क्षार काढायला त्यांनी बाथरूमचंच अ‍ॅसिड तिथे वापरलं. क्षार म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिडने तो विरघळतो. पण कडप्पा म्हणजेही चुनखडकच, संगमरवर आणि शहाबादीचंही तेच. जे औषध नळावरचा थर खातं ते दगडही खातं. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही, आणि हल्ली घरोघरी ग्रॅनाइट असल्यामुळे त्या मुलांच्या हाताला तीच सवय. दुसऱ्या दिवशी बाई डागाकडे बघून म्हणाल्या, ‘काका, कडप्प्याला मी साधा लिंबूसुद्धा लावत नाही.’ मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी त्या मुलांना सांगितलं नव्हतं. कंपनीने पाचशे रुपये परत दिले. डाग अजून आहे, त्यावर मिक्सर ठेवलाय.

तेव्हा बुकिंग करताना सवलत किती ते नंतर विचारा. आधी विचारा, कुठल्या जागेला कुठलं औषध वापरणार. घरात कडप्पा, संगमरवर किंवा शहाबादी असेल तर तसं सांगा, जमल्यास चिठ्ठी लिहून चिकटवा. ब्लीच आणि अ‍ॅसिड एका बाथरूममध्ये एकामागून एक वापरू देऊ नका, दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो. काम चालू असताना घरात थांबा. आणि वेळ निवडा. नवरात्राच्या आधी घर धुवून काढायची आपली रीत आहे, पण नवरात्र ते दिवाळी या कंपन्यांची मुलं दिवसाला दोन-तीन घरं करतात, तुमचं घर तिसरं असेल तर तसंच काम मिळेल. सोफा आणि गाद्यांचं शांपूइंग तर पावसाळ्यात करूच नका, आतला फोम वाळत नाही आणि आठवड्याने कुबट वास सुरू होतो. आम्ही आता फेब्रुवारीत करतो.

सी विंगच्या जोडप्याला शेवटी असं सांगितलं: तुम्ही सकाळी नऊला निघता, तर सव्वासातला येणाऱ्या बाई बघा. आमच्याच बाईंच्या जावेला ती वेळ मोकळी आहे. फ्लॅट नवा आहे, बिल्डरची सिमेंटची धूळ आणि रंगाचे शिंतोडे अजून तसेच आहेत, तर सामान लावण्याआधी एकदा डीप क्लीनिंग करून घ्या, नंतर दोन वर्षं नाव काढायला नको. चैत्रात बाई आठ दिवस जत्रेला गावी जातात. तेव्हाचा पगार कापू नका, आणि ते आठ दिवस अ‍ॅप वापरा.

‘आणि काका, तुम्ही?’ तिने विचारलं.

मी त्या आठ दिवसांत केर काढतो. अजून २० मिनिटंच लागतात.