चार मिलिमीटरचा ठिपका आणि तीन एअरब्रश

दुसऱ्या महायुद्धातल्या मेसरश्मिट बीएफ 109 जी-6 या जर्मन लढाऊ विमानाचं 1/48 मापाचं मॉडेल रंगवायला घेतलं होतं. या विमानाच्या कुशीवर आरएलएम 76 (जर्मन हवाई खात्याचा रंग क्रमांक) या फिकट निळसर करड्या रंगावर गडद ठिपके असतात, कडा विरत गेलेल्या. मूळ विमानावरचा 20 सेंमीचा ठिपका या मापात जेमतेम 4 मिमी भरतो. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, जोखायला याहून चांगलं काम नाही, म्हणून तिन्ही बाहेर काढले: 0.5 मिमी नोझलचा (रंग बाहेर पडतो ते टोक) बॅजर पेट्रियट 105, 0.35 चा इवाटा एक्लिप्स एचपी-सीएस आणि आट्यांच्या नोझलचा एक 0.2 चा.

खालचा रंग पेट्रियटने मारला. तामिया अ‍ॅक्रिलिक आणि मिस्टर कलर लेव्हलिंग थिनर निम्मे-निम्मे, हवेचा दाब 18 पीएसआय, 7-8 सेंमी अंतर. पंख पटकन झाले, थर ओला आणि सपाट बसला. हेच काम मुद्दाम एका जुन्या पंखावर 0.2 ने करून पाहिलं. फवारा इतका अरुंद की शेजारचा पट्टा येईपर्यंत आधीचा सुकलेला. जोडावर भुकटीसारखा खरखरीतपणा आला, तो पुढे डेकलखाली (मॉडेलवर चिकटवायच्या छापील खुणांखाली) चांदीसारखा चमकतो.

ठिपक्यांसाठी एक भाग रंगाला तीन भाग थिनर, 10 पीएसआय, अंतर दीड सेंमी. इथे दाब वाचताना एक गोष्ट बघावी: रेग्युलेटरचा काटा ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना वाचायचा. बंद स्थितीत 12 दाखवणारा काटा वाहत्या हवेत 10 वर येऊ शकतो, आणि इतक्या कमी दाबाला तेवढा फरक फार होतो.

0.2 ने सुरुवात झकास केली. मग ट्रिगर ओढला तरी रंग येईना, आणि आला तो थेंब होऊन. नोझलमधून जाणाऱ्या सुईच्या टोकावर रंगाची पापडी धरली होती. नोझल जितकं लहान, तितकी कमी पापडी पुरते. थिनरमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने टोक पुसलं, रंगाच्या कपात रिटार्डरचे (रंग हळू सुकवणारं द्रव्य) दोन थेंब टाकले. फवारा सुटला, पण कपात बुडबुडे उठू लागले. बुडबुडे म्हणजे हवा रंगाच्या वाटेत शिरते आहे. पुढची टोपी रंगाने बुजलेली नव्हती, हेड घट्ट केलं तरी फरक नाही. नोझल काढून भिंगाखाली धरलं तर तोंडाशी केसाएवढी चीर. सुई मागून जोराने आत ढकलली किंवा पान्याने नोझल जास्त आवळलं की असंच होतं.

मग तोच रंग एक्लिप्समध्ये ओतला. आधी हवा, मग ट्रिगर किंचित मागे. थांबताना आधी रंग बंद, हवा शेवटी. 3 ते 4 मिमीचे ठिपके एकसारखे पडत गेले. दाब 13 वर नेला तशी ठिपक्याभोवती कोळ्याचे पाय फुटले: पातळ रंग सुकायच्या आत हवा त्याला बाजूला पळवते. अशा वेळी दाब उतरवायचा किंवा थिनर कमी करायचं. नोझल बदलून काही होत नाही. पेट्रियटनेही 5-6 मिमीपर्यंत उतरता आलं, फक्त ट्रिगर केसभर जास्त ओढला की डबकं.

धुण्यातला फरक खोक्यावर लिहिलेला नसतो. एक्लिप्सचं नोझल पान्याशिवाय निघतं. आट्यांचं नोझल तांदळाच्या दाण्याएवढं, हातातून सुटलं की शोधत बसा. आणि कपात व्हॅलेहोसारखा पाण्याचा रंग होता तर आधी पाण्यानेच खळखळून घ्या. त्यावर लॅकर थिनर (वरचं लेव्हलिंग थिनर याच जातीचं) पडलं तर रबरासारखा गोळा होतो. लॅकर थिनर वापरताना कार्बन फिल्टरचा मास्क आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच.

एकच घ्यायचा तर माझं मत 0.3 ते 0.35 ला. 0.2 ची खरी जागा 1/72 ची विमानं आणि पुतळ्यांचे चेहरे, तेही शक्यतो लॅकर रंगात. नवं नोझल बसवताना सुई मागे घेऊन ठेवायची, आटे बोटांनी फिरवायचे, आणि अडलं की पान्याने नुसता हलका टेका द्यायचा.