स्मार्ट मीटरच्या आधी पाणीपट्टीची खाती

नगरपालिकांच्या पाणीपट्टीच्या नोंदींवर मी काम करते. एखाद्या शहरात स्मार्ट मीटरची निविदा निघाली की मला पहिली काळजी वाटते ती मीटरची नव्हे, तर ज्या यादीवरून ते मीटर घरोघरी बसवले जाणार आहेत त्या यादीची. स्मार्ट मीटर फक्त स्वतःचा क्रमांक आणि आकडा पाठवतो. तो आकडा कोणत्या घराचा, हे आपली ग्राहक यादी ठरवते. यादी चुकीची असेल तर शेजाऱ्याच्या पाण्याचे बिल, लिटरपर्यंत मोजलेले, दर महिन्याला भलत्याच माणसाच्या हाती पडते. पूर्वी असा घोळ निदान मीटर रीडरच्या नजरेस यायचा, कारण त्याला त्या दारात जाऊन उभे राहावे लागे. वाचन दुरून होऊ लागले की ही तपासणीही उरत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या अमृत २.० या शहरी पाणीपुरवठ्याच्या योजनेत महसूल न देणारे पाणी, म्हणजे पुरवले जाऊनही ज्याचे पैसे मिळत नाहीत ते पाणी, २० टक्क्यांच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट आहे. हे पाणी म्हणजे केवळ फुटलेल्या वाहिन्या आणि बेकायदा नळजोडण्या, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मीटर वाचनातील आणि बिलिंगमधील चुकाही त्याच हिशेबात येतात. त्या दुरुस्त करण्यासाठी एक फूटही रस्ता खोदावा लागत नाही, तरीही या कामासाठी अंदाजपत्रकात सहसा वेगळी तरतूद नसते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आपल्याकडच्या नोंदींची एक अडचण खास देवनागरीची आहे. अनेक जुन्या याद्या युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य संगणकीय अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये टंकित झालेल्या आहेत. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षर पूर्ण झाल्यावर टंकला जाई, तर युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उच्चारानुसार असतो. घाईने रूपांतर केले की रफार गळतो किंवा शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. मग घरपट्टीच्या यादीतले ‘शिर्के’ पाणीपट्टीच्या यादीत ‘शिके’ होतात आणि संगणक त्यांना दोन निराळे खातेदार समजतो. त्यात एकाच गल्लीत एकाच आडनावाची पाच घरे असतात, आणि नळजोडणी अजून वारलेल्या आजोबांच्याच नावावर असते. म्हणून मी नावावरून जुळणी करत नाही. आधी मालमत्ता क्रमांक, तो नसेल तर सिटी सर्व्हे क्रमांक, मग जुना ग्राहक क्रमांक, आणि नाव फक्त खातरजमेसाठी. वारस नोंदीचे प्रकरण मीटर बसवण्याच्या कामात अडकवू नये. ती प्रक्रिया वेगळी आहे आणि तिला वेळ लागतो.

वाचनांच्या नोंदींत सर्वांत घातक प्रकार सरासरी बिलाचा आहे. मीटर बंद पडला किंवा घराला कुलूप होते म्हणून एकदा सरासरीने आकारणी होते आणि पुढे तीच वर्षानुवर्षे चालू राहते. समजा, अशा घराला महिन्याला १५ युनिटचे, म्हणजे १५ हजार लिटरचे बिल येत आहे आणि नवा मीटर २८ युनिट दाखवतो. कुटुंबाने पाणी वाढवलेले नसते, पण बिल जवळजवळ दुप्पट होते आणि दोष मीटरला लागतो. अशा खात्यांची यादी आधीच वेगळी काढून त्या घरांशी मीटर बसवण्यापूर्वी बोलले पाहिजे. ऋण वापराच्या, म्हणजे आताचे वाचन मागच्यापेक्षा कमी असलेल्या, नोंदीही तपासाव्यात, पण सरसकट शून्य करू नयेत. मागचे वाचन ९९८७ आणि आताचे ००१२ असेल तर चार आकडी मीटर एक फेरी पूर्ण करून पुढे गेला आहे आणि वापर २५ युनिट आहे. मात्र मागचे ४३१० आणि आताचे ००१२ असेल, तर बहुधा कोणीतरी मीटर बदलून त्याची नोंद केलेली नाही.

कागदावर हे सारे जुळल्यावरही गल्लीत जावेच लागते. जुन्या वाड्यांच्या दाराशी एका ओळीत सहा मीटर असतात, काचा धुरकट झालेल्या असतात आणि कोणता नळ कोणत्या बिऱ्हाडाचा हे राहणाऱ्यांनाही नेमके सांगता येत नाही. तिथे एकच उपाय आहे: पाण्याच्या वेळेत जायचे, एकेक कॉक बंद करायचा आणि ‘काकू, तुमचं पाणी गेलं का?’ असे वर विचारायचे. वरून ‘नाही हो, आमचं चालू आहे, मागच्या खोलीवाल्यांचं गेलं’ असे उत्तर आले, की इतकी वर्षे दोन बिऱ्हाडे एकमेकांची बिले भरत होती हे त्या क्षणी कळते. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करून देत नाही. पाणी दिवसाआड येत असेल तर त्याला महिने लागतात, आणि ते महिने निविदेच्या वेळापत्रकात आधीच धरले पाहिजेत.

बदलाच्या दिवसाची नोंद तितकीच जपावी. जुन्या मीटरच्या शेवटच्या आकड्याचे छायाचित्र घ्यावे, त्यावर घरच्यांची सही घ्यावी आणि नव्या मीटरचा सुरुवातीचा आकडा प्रत्यक्ष वाचून लिहावा, कारण चाचणीत पाणी सोडलेले असल्याने तो शून्यच असेल असे नाही. पल्स, म्हणजे ठराविक पाणी गेले की मिळणारा विजेचा एक संकेत, मोजणाऱ्या मीटरमध्ये एका पल्सला किती लिटर, हेही त्याच वेळी तपासावे. दहाच्या जागी शंभर पडले तर बिल दसपट होते.

नवे ग्राहक क्रमांक देताना जुने क्रमांक पुसून टाकण्याचा आग्रह ठेकेदार अनेकदा धरतात, आणि त्याला माझा ठाम विरोध असतो. जुना क्रमांक नोंदीत कायम ठेवावा आणि नव्या बिलावर किमान वर्षभर छापावा, कारण लोकांनी जपून ठेवलेल्या पावत्या त्याच क्रमांकाच्या असतात, आणि थकबाकीचा वाद निघाल्यावर त्या पावतीवरचा क्रमांक खात्याशी जुळवून पाहता आला नाही, तर पैसे भरलेल्या माणसाला ते पुन्हा भरावे लागतात.