पहाटे साडेचारची मैफल

आमच्या श्रोता मंडळाचा वार्षिक मेळावा डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी असतो. सरस्वतीपूजन, मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं, जमाखर्च, नारळ, हार. अध्यक्षांचं भाषण ‘थोडक्यात सांगतो’ने सुरू होतं आणि थोडक्यात कधीच होत नाही. हे सगळं व्हायलाच हवं, पण त्यासाठी मी गेली बावीस वर्षं सहचिटणीसपद ओढत नाहीये. माझा जीव अडकलाय तो मनोगतात.

सांगलीला आकाशवाणी केंद्र १९६३ साली आलं. त्यानंतर गावभागातली चार घरं एका रेडिओभोवती बसायला लागली आणि त्यातून मंडळ झालं. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम एकत्र ऐकायचा आणि तो संपला की प्रत्येकानं उभं राहून बोलायचं. पुढे शनिवार सुटले, वर्षातून एक मेळावा उरला, पण नियम तेच राहिले. काय ऐकू आलं ते सांगायचं. राग ओळखून दाखवायचा नाही. ‘छान झालं’ म्हणून खाली बसायचं नाही. मी ते वहीत उतरवून घेते. २०१९च्या पुरात खालच्या कप्प्यातल्या तीन वह्या लगदा झाल्या, वरची एक वाचली. तिच्या कडा अजून तपकिरी आहेत आणि पानं उलटताना करकरतात. हे लिहिताना तीच समोर उघडून बसलेय.

२०२१चा मेळावा सगळ्यात वेगळा. बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या अण्णांच्या पुतण्यानं खूळ काढलं की यंदा टँगो, म्हणजे अर्जेंटिनाकडचं नाचाचं संगीत, ऐकायचा. ११ डिसेंबर हा अर्जेंटिनात टँगो दिन असतो, कारण गायक कार्लोस गार्देल आणि व्हायोलिनवादक हुलिओ दे कारो या दोघांचाही जन्म त्याच तारखेचा. त्यात ते टँगोचा मोठा संगीतकार आस्तोर पिआझोला याच्या जन्मशताब्दीचं वर्ष. ब्यूनोस आयर्समधला कार्यक्रम इंटरनेटवरून थेट ऐकता येणार होता. तिकडे शनिवारी रात्री आठ, म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटेचे साडेचार. कार्यकारिणीत यावरून दोन बैठका झाल्या. ‘टँगो म्हणजे तो चिकटून करायचा नाच ना?’ असा प्रश्न एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारला आणि उत्तर मिळायच्या आत सभात्याग केला. ते अजून आलेले नाहीत. त्यांची वर्गणी मात्र येते, हे सांगायला हवं.

मंडळाचे सदस्य एकसष्ट. पहाटे हजर एकोणीस. करोनाची भीती होती हे मला मान्य आहे, पण त्याच आठवड्यात न आलेल्यांतले कितीतरी जण लग्नाच्या पंगतीत दिसले होते. मिरजेला दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीतसभा असते, तिथे रात्र रात्र बसणारी माणसं आमच्यात आहेत, मग आमच्या एका पहाटेचं एवढं काय जड झालं? साडेसातला पोहे आले तेव्हा माणसं चाळीस झाली होती. ते आकडेही वहीत आहेत, दोन्ही.

चित्र सारखं अडकत होतं म्हणून पुतण्यानं पडदा बंद केला आणि नुसता आवाज ठेवला. त्यामुळे नाच दिसलाच नाही, आणि माझ्या मते तेच बरं झालं. मार्गशीर्षातली थंडी, शाळेच्या वर्गातले छोटे बाक, मास्क, कानटोप्या. आणि त्या अंधुक उजेडात ते वाद्य सुरू झालं.

बँडोनियन, मांडीवर धरून वाजवायची भात्याची पेटी. मूळचं जर्मनीतलं. जिथे ऑर्गन परवडत नाही अशा चर्चच्या कामी यावं म्हणून बनलेलं म्हणतात, आणि बोटीतून आलेल्या लोकांबरोबर ब्यूनोस आयर्सच्या बंदरावरच्या गुत्त्यांत पोचलेलं. देवघरासाठी घेतलेली समई गुऱ्हाळावर लावावी तसं काहीसं. बरोबर व्हायोलिनं, पियानो आणि डबल बास. ढोल-ताशासारखं काहीच नाही. आमच्यातल्या तबला शिकणाऱ्या मुलानं पहिला हात वर केला तो यासाठीच. ‘ताल धरणारा कुणीच नाही, तरी ताल सगळ्यांकडे आहे,’ म्हणाला. मग बाकावर वाजवून दाखवलं: मात्रा आठच, पण तीन, तीन, दोन. ‘केरव्यात बसवायला गेलो की निसटतंय.’ नंतर पोहे खातानासुद्धा तो ताटलीवर तेच वाजवत होता.

एसटीतून निवृत्त झालेले एक चालक दरवर्षी एकच वाक्य बोलतात. त्या दिवशी दोन बोलले. ‘घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवायचा, सोडायचा, परत ठेवायचा, तसं वाटलं. गाडी थांबवत पण नाहीत आणि सुटू पण देत नाहीत.’ आमचे वकीलसाहेब म्हणाले, ‘रडगाणं आहे. पण शिस्तीत रडतात.’ व्हायोलिनवाले मधेच, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागे गज घासून चर्र आवाज काढत होते, त्यावर अण्णांची नात ओरडली, ‘रातकिडा!’ तिला गप्प बसवलं सगळ्यांनी. नंतर पुतण्यानं सांगितलं की तिकडे त्या आवाजाला चिचार्रा म्हणतात, म्हणजे झाडावरचा किर्र करणारा किडाच. त्या पोरीला मी दोन वेळा पोहे वाढले.

‘अदिओस नोनिनो’ लागायच्या आधी पुतण्यानं थोडं सांगून ठेवलं होतं. नोनिनो म्हणजे पिआझोलाचे वडील. नातवंडं त्यांना त्या नावानं हाक मारायची. न्यूयॉर्कमध्ये न्हाव्याचं काम करायचे. पोरगा आठ वर्षांचा असताना त्यांनी गहाणवटीच्या दुकानातून त्याला जुना बँडोनियन आणून दिला. १९५९ साली ते गेले तेव्हा मुलगा दौऱ्यावर होता. न्यूयॉर्कला परतल्यावर त्यानं हे रचलं.

ते संपल्यावर मिरजेचे मामा उठले. मामा पेट्या दुरुस्त करतात. अकरा वर्षं आमच्या स्वागतगीताच्या पेटीसाठी येतात, भाता बघतात, रीड साफ करतात, चहा घेतात आणि मागच्या बाकावर बसतात. कधी बोललेले नाहीत. मीही कधी आग्रह केला नव्हता, ही चूक माझी.

त्यांनी दोन्ही हात मांडीवर धरले आणि हवेतच भाता उघडला. ‘आपल्या पेटीचा भाता मागं असतोय. एक हात वारा घालतोय, दुसरा बोलतोय. ह्येच्यात तसं न्हाई. दोन्ही हातांनी बोलायचं आणि वारा बी दोन्ही हातांनीच. बटण त्येच, पर उघडताना येगळा सूर न मिटताना येगळा. म्हणजे श्वास घेताना एक बोलायचं, सोडताना दुसरं.’ मग बराच वेळ गप्प. आम्हाला वाटलं झालं.

‘माझ्या वडलांची पेटी बी जुन्या बाजारातलीच,’ ते म्हणाले. रेडिओवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती, हे आमच्यातल्या जुन्या लोकांना माहीत होतं, पण ती बंदी कुणाच्या घरात कशी राहिली असेल याचा विचार कुणी केला नव्हता. ‘रेकॉर्डिंगला गाणारे आत जायचे, सारंगी आत जायाची. वडील भायेर झाडाखाली, गवसणी घातलेली पेटी मांडीवर घिऊन. मी बारका, संगं असायचो. इचारलं, आपण कशाला आलोय मग? तर म्हणले, येताना गाडीत बुवांना सूर कोण देणार?’

केंद्र कुठलं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. ‘आज पेटी ऐकली रेडिओवर. बापासाठी वाजवल्याली,’ एवढं म्हणून बसले. ते इंटरनेट होतं, रेडिओ नव्हे, पण अशा वेळी दुरुस्ती करणारे आमचे अध्यक्षही गप्प राहिले. वहीत त्या ओळीवर मी ‘मामा’ लिहिलंय, पुढे ‘वारा’, आणि मग पान कोरं. घरी जाऊन भरीन म्हटलं होतं, भरलं नाही.

शेवटी ‘ला कुम्परसिता’ झालं. शेजारच्या उरुग्वेतल्या मोन्तेविदेओच्या एका विद्यार्थ्यानं बांधलेली ती धून, आणि नाचाच्या रात्री ती शेवटी वाजवायची रीत. हे कळल्यावर आमच्या जोगळेकरी पद्धतीच्या, म्हणजे प्रत्येक गोष्टीला आपल्यातलं नाव शोधणाऱ्या माईंनी निकाल दिला, ‘मग भैरवीच की.’

आता ज्यांच्यामुळे हे झालं ते. शाळेचे शिपाईमामा, ज्यांनी पावणेचारला फाटक उघडलं आणि वर्ग झाडून ठेवला. अण्णांचा पुतण्या, लॅपटॉप त्याचा, नेटही त्याच्याच मोबाइलचं. गणपती मंडळाची पोरं, दोन स्पीकर फुकट दिले. सतरंज्या वकीलसाहेबांच्या घरच्या. चहा कोपऱ्यावरच्या टपरीचा, त्यानं त्या दिवसापुरती भट्टी पहाटे पेटवली. पोहे माई आणि त्यांच्या सुनेचे, भडंग एसटीवाल्या काकांकडून, दूध कुणी दिलं ते वहीत खाडाखोड झाल्यानं लागत नाही, त्यांनी रागावू नये. मागच्या अहवालात स्पीकरवाल्या पोरांचं नाव राहिलं होतं म्हणून त्यांनी मला महिनाभर रस्त्यात नमस्कार केला नाही, तेव्हा पुन्हा एकदा: दोन्ही स्पीकर त्यांचेच.

आणि शेजारच्या वाड्यातल्या काकू. पावणेपाचला खिडकीतून ओरडल्या, ‘पहाटे पहाटे हे काय लावलंय?’ तेवढ्यात आमच्या वर्गातला प्लग ठिणगी टाकून गेला. मी ओशाळून त्यांच्याकडे वायर मागायला गेले. त्यांनी एक्स्टेंशन बोर्ड काढून दिला, शाल गुंडाळली आणि माझ्यामागून येऊन शेवटच्या बाकावर बसल्या, थेट पोह्यांपर्यंत. सदस्य नसल्यामुळे हजेरीत त्यांचं नाव नाही, म्हणजे त्या पहाटे खरं तर आम्ही वीस होतो. बोर्ड अजून माझ्याकडेच आहे. परवा भाजी घेताना भेटल्या, बोर्डाचं काहीच बोलल्या नाहीत. ‘ती रडकी पेटी परत कधी लावणार?’ म्हणून विचारलं.