आधी कोंबड्या, मग वांगी

काकडीचे वेल आटोपले. वाफा रिकामा करून जाळीची चौकट बसवली आणि तो कोंबड्यांच्या ताब्यात दिला. गेल्या हंगामापासून हीच पद्धत चालू आहे आणि आता ती बऱ्यापैकी अंगवळणी पडली आहे, म्हणून ही नोंद. कोंबड्या आणि भाजी एकाच परसात सुखाने नांदतात, पण एका वाफ्यात एकाच वेळी नाही. ‘कोंबड्या मोकळ्या सोडा, किडे खातील, भाजी वाचेल’ असे सांगणाऱ्यांनी कोवळ्या पालकात शिरलेली कोंबडी बहुधा पाहिलेली नसते. अळी आधी आणि पान नंतर, एवढाच काय तो भेद ती करते.

रिकाम्या वाफ्यात मात्र तिच्यासारखा मजूर नाही. एकदा जवळ बसून बघा. एका पायाने माती मागे ओढते, मग दुसऱ्या पायाने, मग एक पाऊल मागे सरून मान तिरकी करते आणि एकाच डोळ्याने उकरलेली जागा तपासते. वाटाण्याएवढी हालचाल दिसली तरी चोच पडलीच म्हणून समजा. हुमणी, कोष, गोगलगायीची अंडी, तणाचे बी, सगळे वेचले जाते. गांडुळेही जातात, हा या व्यवहारातला तोटा. म्हणून उकरण्यातला उत्साह ओसरून त्या नुसत्या धूळ अंघोळीला बसू लागल्या की त्यांना बाहेर काढायचे. पुढे ठेवल्या तर वाफ्याच्या कडा ढासळण्यापलीकडे काही होत नाही.

आता यातली खरी मेख. कोंबड्या वाफ्यात शिट टाकतात आणि ते कच्चे खत असते. त्यात साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारा जिवाणू, असू शकतो. सेंद्रिय शेतीतला एक चांगला दंडक असा, की कच्चे खत मातीत पडल्यापासून काढणीपर्यंत ९० दिवस जाऊ द्यायचे आणि खायचा भाग मातीला टेकणारा असेल तर १२०. म्हणजे कोंबड्या उठल्या आणि मागोमाग मेथी-पालक पेरला, हे चालणार नाही. मेथी महिन्याभरात काढणीला येते.

इथे वांगी कामाला येतात. कोंबड्या बाहेर काढल्या त्या दिवशी ट्रेमध्ये बी टाकायचे. रोपे लावणीजोगी व्हायला चार-पाच आठवडे, तोवर वाफ्यावर वाळल्या पानांचे आच्छादन. लावणीपासून पहिले वांगे हाती यायला आणखी दोन महिने, कधी थोडे जास्त. नव्वदी आपोआप भरते, कॅलेंडरवर खुणा कराव्या लागत नाहीत. फळ आच्छादनाच्या वर लटकते हेही बरे. आधार दिलेला टोमॅटो किंवा मिरचीही चालते, पण माझ्याकडे टोमॅटोचा वाफा वेगळा आहे आणि वांग्याला कोंबडखत मानवते. पालेभाजी, मुळा, गाजर यांना त्या वाफ्यात वांग्यांनंतरच जागा.

खुराड्यातल्या तुसाची गादी थेट कुठल्याच झाडाला घालत नाही. पक्ष्यांना वेगळे मूत्र नसते, युरिक आम्ल विष्ठेतच उतरते (वरचा पांढरा थर तोच), त्यामुळे कोंबडखतात नत्र भरपूर असते आणि ताजे घातले तर मुळे करपतात. गादीत आणखी वाळली पाने मिसळून ढीग लावायचा, कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास यावे या बेताने. मोजत कोणी बसत नाही. नाक सांगते. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला की पाने कमी पडली. ढीग नुसता गार पडून राहिला की पाने जास्त झाली किंवा ओल कमी. मूठभर घेऊन पिळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. या खेपेचा ढीग ५५ अंशांच्या वर गेला आणि टिकला. खालीवर केल्यावर पुन्हा तापला, म्हणजे मिश्रण जमले आहे. आता तो मुरू द्यायचा.

अंड्यांच्या कवचांबद्दल माझे मत बदलत नाही: ती टोमॅटोच्या बुंध्याशी पुरणे ही मनाची समजूत आहे. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडतो तो कॅल्शियम फळापर्यंत न पोचल्याने, आणि बहुतेक वेळा कारण असते पाण्याची ओढाताण. मातीत कॅल्शियम असूनही डाग पडतो. कवच विरघळायला फार वेळ घेते, चालू हंगामात त्याचा उपयोग नाही. पाणी नेमाने द्या, आच्छादन घाला, पुढची फळे स्वच्छ येतात.

कवचे कोंबड्यांनाच परत द्यावीत. नवे कवच बनायला २० तासांच्या आसपास लागतात आणि त्यातले बरेचसे काम रात्री होते, जेव्हा कोंबडी काही खात नसते. म्हणून बारीक पुडीपेक्षा भरडच बरी. मोठे तुकडे पोटात रेंगाळतात आणि रात्रभर थोडे थोडे कॅल्शियम सोडतात. कवचे भाजून, अंडे ओळखू येणार नाही इतकी मोडून वेगळ्या भांड्यात ठेवते, खाद्यात मिसळत नाही. जिला गरज ती खाते. पातळ कवचाची अंडी यायची थांबली आहेत. तलंगा अजून अंड्यावर आलेल्या नाहीत आणि त्या भांड्याकडे बघतही नाहीत.

थोरल्या दोघी पिसे गाळताहेत, म्हणून अंडी कमी. पीस म्हणजे जवळपास सगळे प्रथिनच, तेव्हा या दिवसांत दाणे कमी आणि प्रथिनांचे खाद्य जास्त. गळलेली पिसे ढिगात. ती कुजायला वेळ लागतो, पण नत्र देतात.

एक तांबडी खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडून बसते. पिल्ले नको आहेत, म्हणून तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात उंचावर ठेवले आहे, दाणा-पाणी समोर. पोटाखालून वारा लागला की बहुतेक कोंबड्यांची खुडूक दोन-चार दिवसांत मोडते. ही हट्टी आहे, हात नेला की फुगून चोच मारते. ती उतरली की तिलाही वाफ्यावर पाठवायची, कारण घेवड्याचा वाफा आता रिकामा होतो आहे आणि मिरचीचे बी ट्रेमध्ये टाकायचे राहिले आहे.