अरुंधती दिसली का?

काल दुपारी सोसायटीत इलेक्ट्रिशियन शिडी लावून पार्किंगवर नवा फ्लडलाइट बसवत होता, पांढराफट्ट एलईडी, आणि तोंड थेट समोरच्या बिल्डिंगकडे. खाली सेक्रेटरीकाका खुशीत, म्हणे आता सुई पडली तरी दिसेल. रात्री एक वाजता पार्किंगमध्ये सुया कोण पाडतं देव जाणे.

मला या पांढऱ्या दिव्यांचा जरा जास्तच राग आहे. जुने सोडियमचे पिवळे दिवे बरे होते की. एलईडीत निळा प्रकाश जास्त आणि निळा हवेत जास्त विखुरतो, दिवसा आभाळ निळं दिसतं ते त्यामुळेच, म्हणजे खांब रस्त्यावर आणि उजेड आभाळभर. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ काळोखं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलले. गावं अंधारात नाही टाकली हां, दिव्यांची तोंडं जमिनीकडे केली.

आमच्या लहानपणी हे काम लोडशेडिंग करायचं. लाइट गेली की अख्खी गल्ली गच्च्यांवर, सतरंज्या, उकाडा, डासांना शिव्या, आणि आजी सप्तर्षी दाखवायची. शेपटीतला मधला वसिष्ठ, त्याला चिकटून बारीकशी अरुंधती, ती दिसली तर डोळे शाबूत. मला दिसायची. दादाही दिसली म्हणायचा, पुढे चौथीत त्याला चष्मा लागला तेव्हा बिंग फुटलं. लाइट आली की सगळ्या गच्च्या एकदम "आलीऽऽ" करून ओरडायच्या आणि त्यात मीपण असायचो, तारे गेले म्हणून कोणी हळहळलेलं मला तरी आठवत नाही. आता लाइट गेली तरी अंधार होतोय कुठे, इन्व्हर्टर आहेत.

मेमध्ये भाचीचं लग्न होतं, गोरज मुहूर्त, हायवेवरचं लॉन. सप्तपदी झाल्यावर गुरुजी म्हणाले वर बघा, अरुंधती दिसली का? आता मेमध्ये रात्री आठ-नऊला सप्तर्षी उत्तरेला चांगले वर आलेले असतात, पण आमच्या वर होते फोकस आणि घोंघावणारा ड्रोन. मी मान मोडेस्तोवर बघितलं, अरुंधती सोडा, वसिष्ठाचाही पत्ता नाही. नवरा-नवरी मात्र एका सुरात, "दिसली!" गुरुजींनी स्वतः वर न बघताच पुढचा मंत्र सुरू केला.

मठ्ठा छान होता पण.