सरांचे रॉडचे कपाट

स्मरणिकेसाठी लिहा, असे समितीचे पत्र आले. शाळेविषयी लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण मला लिहायचे आहे ते आपल्या वेल्डिंगच्या सरांविषयी आणि वर्कशॉपमधल्या त्यांच्या रॉडच्या कपाटाविषयी. त्याची किल्ली कायम सरांच्या खिशात असे.

रॉड म्हणजे वेल्डिंगची कांडी: आत धातूची तार, वर आवरण, आणि ती वितळून जोड भरतो. नुसता रॉड मागून मिळत नसे. आधी जॉब, म्हणजे जोडायचा तुकडा, दाखवायचा. त्याला चुंबक धरतो का, ग्राइंडरवर ठिणगी कशी पडते, हे सांगायचे. माइल्ड स्टीलची, म्हणजे साध्या लोखंडाची, ठिणगी लांब आणि पिवळसर पांढरी, बिडाची (ओतीव लोखंडाची) आखूड आणि तांबूस. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. धातू ओळखला की मगच कपाट उघडे.

ग्रिल, गेट, पातळ अँगल यांना ६०१३ क्रमांकाचा रॉड. सव्वातीन मिलिमीटरच्या रॉडला १०० ते १२० अँपिअर, आणि आर्क (रॉडच्या टोकापासून जॉबपर्यंतचा विजेचा झोत) रॉडच्या तारेच्या जाडीएवढाच लांब. जाड प्लेट किंवा भार पेलणारा जोड असला की ७०१८, डीसीवर (एकाच दिशेच्या करंटवर), रॉड धरणारा होल्डर पॉझिटिव्हला. हा रॉड सर भट्टीतून काढूनच देत. त्याचे आवरण हवेतली ओल शोषते, त्या ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या धातूत शिरतो आणि वेल्डच्या कडेच्या कडक पट्ट्यात तडा जातो. तोही लगेच नव्हे, कधी दीड-दोन दिवसांनी. तोवर रंग लावून माल गेलेला असतो. म्हणून ओल धरलेला ७०१८ आधी ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजायचा आणि वापरेपर्यंत शंभर-सव्वाशे अंशांवर ठेवायचा.

सर्वांत जास्त वेळ सर स्टेनलेस आणि माइल्ड स्टीलच्या जोडावर घालवत. ३०४ ला ३०४ जोडताना ३०८एल रॉड, ३१६ ला ३१६एल. पण एका बाजूला साधे लोखंड आले की ३०९एल. लोखंडाची कड वितळून वेल्डमध्ये मिसळते आणि क्रोमियम-निकेल पातळ होते. ३०८ मध्ये एवढी शिल्लक नसते, वेल्ड ठिसूळ होऊन मधोमध चिरतो. ३०९एल मध्ये क्रोमियम साधारण २३ टक्के आणि निकेल १३ टक्के असते, ते ही भेसळ पचवते. करंट नेहमीपेक्षा कमी, सव्वातीनच्या रॉडला ८० ते १००, कारण स्टेनलेस उष्णता लवकर पुढे सोडत नाही आणि वाकते. पहिला थर १५० अंशांखाली आल्याशिवाय दुसरा मारायचा नाही. ब्रशही स्टेनलेसच्या तारेचाच; लोखंडी ब्रश फिरवला की त्याचे कण तिथेच गंजतात.

एकदा एका गुऱ्हाळवाल्याने चरकाचा बिडाचा ब्रॅकेट आणला, तडा गेलेला. हंगाम सुरू होता, त्याला तासाभरात हवा होता. सरांनी सबंध सकाळ घेतली. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरची भोके पाडली, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. तडा व्ही आकारात घासला, बिडात मुरलेले तेल गॅसच्या ज्योतीने जाळून काढले. मग निकेलच्या रॉडने इंचभरच वेल्ड. वेल्ड गरम असतानाच बॉलपीन हातोड्याने हलके ठोकले आणि थांबले. हात ठेवता येईल इतके निवाले की पुढचा इंच, तोही लांबच्या टोकाला. बिडात ३ टक्क्यांच्या आसपास कार्बन. झटकन थंड झाले की वेल्डलगत काचेसारखा कडक थर तयार होतो आणि आकुंचनाने तिथेच तुटते. निकेल मऊ राहते, म्हणून त्या ब्रॅकेटचे भोक सरांना नंतर लेथवर साफही करता आले. इतक्या शांतपणे काम करणारा माणूस मी पुढे क्वचितच पाहिला.

आज माझ्या कारखान्यात दुधाच्या टाक्या आणि त्यांचे स्टँड बनतात. टाकी ३०४ ची, पाय लोखंडाचे, म्हणजे ३०९एल रोजचाच. कपाट आहे, किल्ली माझ्याकडे आहे. बाहेर मात्र एकाच ६०१३ च्या पाकिटावर सगळे भागवतात, स्टेनलेसचा पाइपसुद्धा. पावसाळ्यात ७०१८ चे उघडे पाकीट फरशीवर पडलेले पाहिले की फार वाईट वाटते. ते काम करणाऱ्या मुलांना सर भेटायला हवे होते.

सुवर्णमहोत्सवानिमित्त वर्कशॉपसाठी ३५० अंशांपर्यंत तापणारा रॉडचा ओव्हन आणि भाजलेले रॉड गरम ठेवणारा एक छोटा होल्डिंग ओव्हन सरांच्या नावाने देत आहे. शिक्षकांना एकच विनंती: ६०१० सारखे सेल्युलोजच्या आवरणाचे रॉड त्यात भाजू नयेत. त्यांच्या आवरणात थोडी ओल असावीच लागते. ती गेली की आर्कचा जोर जातो आणि रूट, म्हणजे जोडाचा तळ, नीट भरत नाही.