वासाची नोंद

गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, वॉर्डातल्या औषधांच्या खोलीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नर्सच्या श्वासाला मला दारूचा वास आला. सात वाजता तिची रात्रपाळी सुरू होणार होती आणि पाच रुग्ण तिच्या ताब्यात येणार होते. सव्वासातला मी तिला कामावरून उतरवले होते. त्या अर्ध्या तासात मी जे केले ते नियमाला धरून होते, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तरीही तो अर्धा तास माझ्या मनातून जात नाही.

मी मिरजेत नर्सिंग शिकले आणि गेली अनेक वर्षे कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयात काम करते. सध्या रात्रपाळीच्या वॉर्डाची जबाबदारी माझ्याकडे आहे. ज्या नर्सविषयी लिहीत आहे ती माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. मी इथे नवीन असताना तिनेच मला हाताशी धरून शिकवले. ऐंशीच्या पुढच्या रुग्णांच्या शिरा कागदासारख्या पातळ झालेल्या असतात. तिथे पट्टा आवळून बांधला की सुई शिरताच शीर फुटते आणि खाली निळा डाग पसरतो. अशा हाताला पट्टा न बांधता, हात नुसता खाली सोडून, कोन अगदी कमी ठेवून इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, कशी सरकवायची, हे मी मिरजेत नव्हे, तिच्याकडून शिकले. नोंदी लिहायलाही तिनेच शिकवले. "रुग्ण पडला असे लिहू नकोस. तू खोलीत गेलीस तेव्हा तो जमिनीवर होता, एवढेच तू पाहिलेस. तेवढेच लिही," असे ती सांगत असे.

त्या मंगळवारी मी केवळ तिची वरिष्ठ नव्हते. राज्याच्या नर्सिंग मंडळाने तिला तीन वर्षांच्या प्रोबेशनवर ठेवले होते आणि कामाच्या जागी तिच्यावर देखरेख ठेवणारी व्यक्ती म्हणून माझी नेमणूक झालेली होती. बाहेरच्यांना प्रोबेशन म्हणजे तंबी देऊन सोडून देणे वाटते. प्रत्यक्षात आदेशाचे पहिलेच वाक्य परवाना रद्द करते. दुसरे वाक्य त्या रद्द होण्याला स्थगिती देते आणि त्या स्थगितीच्या आधारावर पुढची तीन वर्षे काढायची असतात. एक अट मोडली की स्थगिती उठू शकते. दारूचा थेंब चालत नाही. खाजगी नर्सिंग, घरी जाऊन करायची सेवा, एजन्सीमार्फत मिळणारे काम, हे सर्व बंद, म्हणजे ज्या दारांनी अडचणीतली नर्स पोट भरू शकेल नेमकी तीच दारे बंद. त्याच वेळी सलग सहा महिने आठवड्याला किमान चोवीस तास नर्स म्हणूनच काम करून दाखवायचे. तिला ठेवून घ्यायला आमच्या व्यवस्थापनाने सात आठवडे लावले. बावीस वर्षे जिने रात्री जागवल्या तिच्यासाठी सात आठवडे लागावेत, याचा मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

तिच्यावर ही वेळ आली ती सुट्टीच्या दिवशी झालेल्या एका अपघातामुळे. महामार्गावर तिची गाडी दुभाजकाला घासली. दुसऱ्या कोणाला इजा झाली नाही, पण रक्तातले अल्कोहोलचे प्रमाण ०.१७ टक्के निघाले. कायद्याची मर्यादा ०.०८ आहे. न्यायालयाने दंड केला, मद्यपी चालकांसाठीच्या वर्गाला बसवले, आणि तिला वाटले की विषय संपला. परंतु परवान्यासाठी दिलेले बोटांचे ठसे सरकारदरबारी असतात, त्यामुळे अटकेची खबर मंडळाला आपोआप जाते. शिवाय शिक्षा झाल्यावर तीस दिवसांत ती स्वतः कळवावी लागते. ती गाडी चालवत होती तेव्हा कामावर नव्हती, कोणा रुग्णाचे काही बिघडले नव्हते, हा बचाव इथे टिकत नाही. मद्यपानाशी संबंधित गुन्ह्यात शिक्षा होणे हेच नर्सविषयक कायद्यात गैरवर्तन ठरवलेले आहे, आणि असा एकच किरकोळ गुन्हाही कारवाईला पुरतो, असे इथल्या अपील न्यायालयाने २०१२ साली एका नर्सच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मंडळाचे आरोपपत्र हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर दिले नाही तर निकाल एकतर्फी लागतो. तिने मुदतीत उत्तर दिले आणि पुढे तडजोड स्वीकारली. अपघातापासून आदेशापर्यंत दोन वर्षे गेली.

ही कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. मंडळाच्या संकेतस्थळावर परवान्याचा तपशील उघडला की आरोपपत्र समोर येते. लोकांना आपल्या नर्सविषयी कळले पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे; पण आमच्या जेवणाच्या खोलीत ते वाचले गेले ते रुग्णांच्या काळजीपोटी नव्हे. रस्त्याच्या कडेला पोलिसांसमोर ती रडली होती, हे वाक्य लोकांना पाठ झाले होते. उरलेले मॉर्फिन टाकून देताना दुसऱ्या नर्सने समोर उभे राहून साक्षीची नोंद करायची असते. तिच्याबरोबर ती नोंद करायला दोघी-तिघी काही ना काही निमित्त काढून टाळत. तिच्या प्रकरणाचा मॉर्फिनशी काडीचाही संबंध नव्हता. ज्यांनी असे केले त्या कामात चांगल्या आहेत, पण त्या वागण्याला माझ्याजवळ क्षमा नाही.

अर्थात मी स्वतः काय केले होते तेही लिहिले पाहिजे. अपघाताच्या चार महिने आधी, एका रात्री ती पाळीवर आली तेव्हा तिच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता आणि त्याखाली दारूचा. तो वास मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझे मामा पिऊन आले की दाराशी वेलदोडा चघळत उभे राहत, आणि आजी "त्याला बरं नाही" म्हणून त्यांना आतल्या खोलीत झोपवत असे. आमच्या घरी या वागण्याला सांभाळून घेणे म्हणत. मामांना सगळ्यांनी सांभाळून घेतले, सेहेचाळिसाव्या वर्षी यकृत निकामी होऊन ते गेले तोपर्यंत. त्या रात्री मीही तेच केले. तिला उलट्या होत आहेत असे वरिष्ठांना सांगितले, टॅक्सी बोलावली, पैसे दिले आणि कोठेही काहीही लिहिले नाही. त्याच रात्री लिहिले असते तर कदाचित ती रस्त्यावर नव्हे, उपचार केंद्रात गेली असती. देखरेखीची जबाबदारी घेताना आदेश वाचल्याची आणि निःपक्षपातीपणे काम करण्याच्या आड येईल असा कोणताही संबंध नसल्याची सही करावी लागते. सही करताना टॅक्सी माझ्या डोळ्यांसमोर होती. तरीही मी सही केली, कारण मी नकार दिला असता तर तिच्यासाठी दुसरे कोणी पुढे येणार नव्हते.

देखरेख म्हणजे आठवड्यातून किमान एकदा समोरासमोर भेट, इतर कर्मचाऱ्यांशी बोलणे, हजेरी तपासणे आणि ठरलेल्या काळाने अहवाल. याखेरीज तिच्या चाचण्या वेगळ्या चालत. रोज सकाळी यंत्रणेकडे हजेरी लावायची. त्या दिवशी आपली निवड झाली तर त्याच दिवशी केंद्रावर जाऊन, कोणीतरी पाहत असताना, लघवीचा नमुना द्यायचा. पहिल्या वर्षी अशा ५२ ते १०४ चाचण्या, आणि खर्च स्वतःचा. या चाचणीत मद्य शोधत नाहीत, तर यकृताने मद्यापासून बनवलेला एक पदार्थ शोधतात, जो मद्य उतरून गेल्यावरही दोन-तीन दिवस लघवीत सापडतो. चाचणी इतकी संवेदनशील आहे की गुळण्या करण्याचे औषध, खोकल्याचे औषध किंवा हात चोळायचा अल्कोहोलचा जेल यांचाही अंश तीत उमटू शकतो; केवळ तिच्या आधारावर कोणाला दोषी धरू नये, असा इशारा व्यसनोपचारांची जबाबदारी असलेल्या अमेरिकेच्या केंद्रीय संस्थेने २००६ मध्येच दिला होता.

जेलची गोष्ट बाहेरच्याला कळणे कठीण आहे. रुग्णाच्या खोलीत शिरताना एकदा आणि निघताना एकदा हात स्वच्छ करायचे. बारा तासांत हे शंभराहून अधिक वेळा होते. बाकी सर्व जणी दारातल्या डब्याखाली हात धरतात आणि चालता चालता चोळतात. ती मात्र प्रत्येक वेळी साबण आणि पाण्याने हात धुत असे, पूर्ण वीस सेकंद, आणि कागदाने टिपत असे. काही आठवड्यांत तिच्या बोटांच्या सांध्यांवर भेगा पडल्या, मग तळहातांवर. भेगा पडलेले हात जंतूंना थारा देतात, हे तिच्याइतके कोणाला माहीत नव्हते, म्हणून ती रात्री मलम लावून सुती हातमोजे घालून झोपे. मलम घेण्यापूर्वी त्यातले घटक वाचण्यासाठी तिने डबी दिव्याखाली धरलेली मी पाहिली आहे.

त्या मंगळवारी ती माझ्या शेजारी उभी राहून औषधांच्या यंत्राचा खण उघडत होती. तिने माझ्याकडे वळून एका रुग्णाच्या इन्सुलिनविषयी काहीतरी विचारले, आणि मला पुदिना आला, आणि पुदिन्याखाली ते दुसरे. माझ्या पोटात गोळा आला. मी तिला खण बंद करायला सांगितले. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि काहीही न विचारता तिने खण बंद केला. तिला समजले होते.

तिचे पाच रुग्ण तसेच सोडता येत नव्हते. इथल्या कायद्याप्रमाणे अशा वॉर्डात एका नर्सकडे पाचांहून अधिक रुग्ण देता येत नाहीत, आणि बाकीच्या सर्वांकडे पाच-पाच होते. दिवसपाळीच्या एका मुलीला मी चार तास थांबायची विनंती केली. तिने घरी फोन करून बाळाला झोपवायला सांगितले आणि थांबली. तिचे उपकार मी विसरणार नाही. तोवर ही खालच्या मजल्यावर श्वासाची चाचणी द्यायला गेली. निकाल शून्य आला. पण त्या शून्याने प्रश्न सुटत नव्हता, कारण श्वास फक्त आत्ताचे सांगतो आणि तिला कालचीही मुभा नव्हती. लघवीचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि रुग्णालयाच्या धोरणानुसार निकाल येईपर्यंत ती घरी बसली. संशय आला की मंडळाला एका कामकाजाच्या दिवसात तोंडी कळवावे लागते, कार्यालय बंद असेल तर ते उघडल्यापासून तासाभरात, आणि ४८ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. बुधवारी सकाळी कार्यालय उघडताच मी फोन केला आणि घरी न जाता अहवाल लिहिला.

निकाल नवव्या दिवशी आला. काहीही सापडले नव्हते.

त्या नऊ दिवसांत तिची तीन रात्रींची कमाई गेली, आणि सहा महिन्यांतला पाचवा महिना चोवीस तासांच्या अटीत अडकला. प्रोबेशनचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याने खुलासा मान्य केला म्हणून ते निभावले. मी त्या रात्रीच्या इतरांना विचारले. वास कोणालाही आला नव्हता. औषधांच्या खोलीत अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या पट्ट्या दिवसभर उघडत असतात, सलाईनच्या नळीचे तोंड पुसण्यासाठी. आम्ही दोघी आत शिरायच्या मिनिटभर आधी कोणीतरी एक उघडलेली असू शकते. पुदिना तर तिच्या तोंडात नेहमीच असे, कारण दारू सोडल्यापासून ती गोळ्या चघळत होती. मला वास आला तो तिच्या श्वासातून, त्या पट्टीतून की तीन वर्षांपूर्वीच्या रात्रीतून, हे मला ठरवता येत नाही.

ती परत आल्यावर पहिल्याच साप्ताहिक भेटीत तिने अहवाल पाहायला मागितला. मी प्रत पुढे ठेवली. तिने दुसरा परिच्छेद वाचला आणि भेग पडलेले बोट एका ओळीवर ठेवले. तिथे मी लिहिले होते: श्वासाला मद्याचा वास आला.

"हे तू पाहिलेस का?" तिने विचारले.

"वास आला होता," मी म्हणाले.

"वास आला, हे ठीक. मद्याचा होता, हे तुला कसे कळले?"

मी म्हणाले की मी अहवाल परत मागवून नवीन लिहिते. तेव्हा ती जवळजवळ रागावलीच. "मूळ नोंद कधी खोडायची नसते. आजची तारीख, आजची वेळ घाल आणि पुरवणी जोड," ती म्हणाली. नवीन मुलींना ती हे ज्या आवाजात सांगे त्याच आवाजात.

पुरवणी मी तिच्यासमोरच लिहिली. मद्यासारखा वाटणारा वास, खोलीत इतर स्रोत असण्याची शक्यता, इतर चौघींना वास न येणे, दोन्ही चाचण्यांचे निकाल. तिने वाचून एक शब्द बदलायला सांगितला आणि मग ती सातच्या पाळीला निघून गेली. टॅक्सीच्या रात्रीविषयी आम्ही दोघींपैकी कोणीही कधी बोललेलो नाही. ती नोंद आता केली तर तिच्या उरलेल्या प्रोबेशनवर काय परिणाम होईल, आणि न केली तर माझ्या त्या सहीचा अर्थ काय उरतो, हे मी रोज पाळी संपवून घरी जाताना स्वतःला विचारते. आजपर्यंत ती कोठेही लिहिलेली नाही.